खरेदीखत झालं, आणि आप्पा आमच्या घरात राहिले

जळगावात आम्ही जे घर घेतलं ते आप्पांचं. पिंप्राळ्याकडच्या जुन्या कॉलनीत, खाली तीन खोल्या, वर गच्चीला लागून एक, दारात कडुनिंब. किंमत ठरली, बँकेचं कर्ज मंजूर झालं आणि मग खरी अडचण पुढे आली. खरेदी मार्चअखेरच्या आत व्हावी ही दोन्ही बाजूंची गरज होती, आणि आप्पांना घर सोडता येणार होतं ते मेच्या शेवटी, कदाचित त्याही नंतर.

मार्चची घाई उगाच नव्हती. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्तेच्या किमतींचे, नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. ठरलेली किंमत आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. बँकेच्या मंजुरीपत्रालाही मुदत होतीच. आप्पांचं कारण वेगळं होतं. मुलगा नाशिकला, त्याच्याजवळ राहायचं म्हणून त्यांनी तिथे फ्लॅट घेतला होता, आणि बिल्डरचा शेवटचा मोठा हप्ता याच घराच्या पैशातून जायचा होता. हप्ता भरल्याशिवाय तिकडचा ताबा नाही, आणि हप्ता भरला तरी भोगवटा प्रमाणपत्र यायचं बाकी. पैसे आधी हवेत आणि घर नंतर मिळणार, अशी त्यांची कोंडी झाली होती. मधल्या काळात आप्पा आणि त्यांच्या पत्नी जिजी, या दोघांनी या वयात सामानसुमान घेऊन जायचं कुठे?

जिजींनी एकच गोष्ट मागितली. ‘‘आखाजी हुई जाऊ दे, मंग आम्ही जासूत.’’ आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात वाढलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर एक वेळ चालून जातं, पण आखाजीला तिची वाट पाहिली जाते. झोका बांधायचा, गौराई बसवायची, पितरांची घागर भरायची. जिजींच्या दोन्ही लेकी याच घरातून सासरी गेल्या होत्या. त्यांना आणखी एकदा याच दाराने आत घ्यायचं होतं.

आमच्यासाठी ‘हो’ म्हणणं फुकट नव्हतं. आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. खरेदी झाली की कर्जाचा हप्ता सुरू होणार, आणि इकडचं भाडंही चालूच राहणार. मी शिक्षिका, माझे यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. आमच्या दोघांच्या पगारात हे दोन्ही बसवायचं म्हणजे महिन्याचा प्रत्येक खर्च मोजून करावा लागणार होता. तरी आम्ही हो म्हटलं. आप्पांचे कागद स्वच्छ होते, घरावर कुणाचा बोजा नव्हता, आणि त्या घराची एकेक खिडकी त्यांनी ज्या निगुतीने सांभाळली होती ती दिसत होती. फक्त मी त्याच रात्री ठरवून टाकलं की हे तोंडी शब्दावर होणार नाही.

नातेवाइकांत दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, देवमाणसं आहेत, त्यांच्याशी कसला कागद करता? माझा भाऊ म्हणाला, एक दिवससुद्धा राहू देऊ नका, किल्ली हातात आल्याशिवाय सही करू नका. शाळेतल्या एका सहकारी बाईंचा अनुभव मला माहीत होता. त्यांनी विकणाऱ्याला ‘पंधरा दिवसांत निघतो’ या शब्दावर राहू दिलं होतं. पंधरा दिवसांचे महिने झाले, विकणाऱ्याच्या घरात आजारपण आलं, मग भावाभावांत वाद निघाला आणि ‘आम्हाला किंमत कमी मिळाली’ अशी भाषा सुरू झाली. घर बाईंच्या नावावर, हप्ता त्यांच्या पगारातून, आणि आत जाता येईना. शेवटी वरचे पैसे देऊन त्यांनी घर मोकळं करून घेतलं. त्यातली माणसं वाईट नव्हती. कोणत्या तारखेला काय व्हायचं आणि तसं नाही झालं तर पुढे काय, हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

आमच्या वकीलताईंनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट नीट समजावली. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीखत नोंदवलं, इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, हातात आला की मालकी आपली. पण जो माणूस आत राहतोय त्याला, आपण मालक आहोत म्हणून, हाताला धरून बाहेर काढता येत नाही. तसं केलं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न येतच नाही. मला हे नवीन होतं. खरेदीखत झालं की सगळं झालं, असंच आपण धरून चालतो.

मग त्यांनी बॉण्डरायटरने, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याने, तयार केलेला मसुदा पुढे घेतला. त्यात नेहमीचं वाक्य होतं: मिळकतीचा खुला व प्रत्यक्ष कब्जा आज रोजी खरेदी घेणार यांना दिला आहे. प्रत्येक खरेदीखतात ते असतं आणि कुणी वाचत नाही. आमच्या बाबतीत ते तसंच ठेवलं असतं तर कागद एक बोलला असता आणि घर दुसरंच. उद्या वाद झाला तर आप्पा कोणत्या नात्याने आत आहेत, याचं उत्तर कुठेच सापडलं नसतं. ताईंनी खाली दोन ओळी वाढवल्या. कब्जा आज दिला आहे, आणि खरेदी घेणार यांनी वेगळ्या नोंदणीकृत कराराने विकणाऱ्यांना ठरावीक तारखेपर्यंत राहण्याची परवानगी द्यायची आहे.

तो वेगळा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. यात राहणाऱ्याला वापराची परवानगी मिळते, मिळकतीत कोणताही हक्क मिळत नाही. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातलं कलम 52 हेच सांगतं. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मुळे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने जावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, आपल्याला बाजू मांडू द्यावी अशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही द्यावी लागते.

मात्र हा सगळा आधार करार लेखी असेल तरच मिळतो. आपल्याकडे शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, असा समज घट्ट बसला आहे. आमच्या स्टाफरूममध्येही सगळ्यांचं हेच म्हणणं होतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. त्याच 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मुदत दोन महिन्यांची असली तरीही. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली, याबद्दल उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खर्च म्हणाल तर तो अगदी थोडा. पूर्ण मुदतीचं शुल्क, अधिक अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. आमच्यासारख्या लहान मुदतीच्या कराराला ते हिशोबाने शंभर रुपयांच्या आसपासच येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500.

एका गोष्टीवर मात्र आमचं आणि वकीलताईंचं बराच वेळ बोलणं झालं. माझ्या भावाचं म्हणणं, किमतीतले दोनेक लाख हातात ठेवा, किल्ली मिळाल्यावर द्या. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ताईंनी ते मोडून काढलं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, मालकी गेली आणि किंमत पूर्ण मिळाली नाही तर उरलेल्या रकमेपुरता विकणाऱ्याचा त्या मिळकतीवर बोजा राहतो. म्हणजे ज्याच्या हातून घर सुटायला हवं त्याचाच हात घरावर ठेवल्यासारखं. शिवाय बँकेला आपला वाटा पूर्ण भरलेला दाखवावा लागतो. त्यापेक्षा खरेदीची किंमत पूर्ण द्या, खरेदीखतात पूर्ण मिळाल्याची कबुली घ्या, आणि राहण्याच्या करारात वेगळी अनामत चेकने घ्या, असा त्यांचा सल्ला. आम्ही 1,00,000 रुपये अनामत ठरवली. दोन व्यवहारांचे पैसे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हे मला तेव्हाच पटलं आणि आजही मी प्रत्येकाला हेच सांगते.

मुदतीबद्दलचा त्यांचा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटला. आम्ही 31 मे धरली होती. त्या म्हणाल्या, 15 जून लिहा, आणि आठ दिवस आधी कळवून कधीही सोडण्याची मुभा द्या. जितके दिवस राहतील तितक्याच दिवसांचे पैसे घ्या. मुदत वाढवायची झाली तर पुन्हा करार, पुन्हा नोंदणी, आणि तोवर मनं बिघडलेली. थोडी सैल मुदत असली की दोघांनाही श्वास घेता येतो. आमच्या मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडणार, त्यामुळे त्यापुढे एक दिवसही आम्हाला परवडणार नव्हता, हे आप्पांना स्पष्ट सांगितलं.

वरची गच्चीलगतची खोली आम्ही आमच्याकडे ठेवली. करारात तसं लिहिलं, तिला आमचं कुलूप लावलं आणि आमची पुस्तकांची कपाटं तिथे नेऊन ठेवली. आप्पांना फक्त वापराची परवानगी आहे, घराचा ताबा आमचाच आहे, हे त्या कुलपाने प्रत्यक्षात दिसत होतं.

आता आप्पांशी बोलायचं होतं. कायद्याची कलमं समजून घेणं त्यापुढे सोपं होतं.

आम्ही दोघं गेलो. जिजींनी चहा ठेवला. महिना 9,000 रुपये, म्हणजे त्या कॉलनीत तशा घराला जे भाडं चालतं साधारण तेवढं, असं यजमानांनी सांगितलं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. एसटीत त्यांनी आयुष्य काढलं, पै पै साठवून हे घर बांधलं. मग हळूच म्हणाले, ‘‘मनाच घरमा मी भाडं भरू का?’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला त्या क्षणी वाटून गेलं, राहू दे ते पैसे. पण मी गप्प राहिले नाही. मी म्हटलं, ‘‘आप्पा, तुम्ही फुकट राहिलात तर तुम्हाला रोज आमचे उपकार वाटतील, आणि आम्हाला रोज हप्ता आठवेल. पैसे भरलेत तर ते महिने तुमच्या हक्काचे. आम्ही न विचारता तुमच्या दारात येणार नाही, कुणी तुम्हाला कधी जाता म्हणून विचारणार नाही.’’ मला हे अगदी मनापासून म्हणायचं होतं. फुकट ठेवून घेतलेल्या माणसाला पाहुण्यासारखं वागावं लागतं, आणि पाहुण्याला रोज यजमानाच्या तोंडाकडे बघावं लागतं. त्या वयाच्या माणसावर ती वेळ आणणं मला योग्य वाटत नव्हतं.

आप्पांनी विचारलं, पोलीस ठाण्यातही कळवावं लागेल ना? हो, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, ती ऑनलाइन भरता येते. ज्या कॉलनीत गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या मोर्चापर्यंत सगळ्यात आप्पा पुढे, तिथे त्यांचं नाव भाडेकरू म्हणून जाणार. आम्ही आधी त्यांना तो फॉर्म दाखवला, मगच भरला. त्यांनी स्वतः चष्मा लावून एकेक रकाना तपासला आणि आधार क्रमांकातला एक आकडा चुकलेला काढून दिला. मग म्हणाले, कागद पक्का करा, माझ्या पोरालाही एक प्रत द्या, म्हणजे त्यालाही कळेल मला कधी न्यायला यायचंय. हे ऐकलं आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. कागद आमच्याइतकाच त्यांच्याही उपयोगाचा आहे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

बँकेचा विषय बहुतेक लोक विसरतात, म्हणून इथे थोडं थांबते. गृहकर्जाच्या करारात साधारणपणे अट असते की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने किंवा वापरायला कुणाला देता येणार नाही. आपण सही करतो त्या जाड गठ्ठ्यात ती कुठेतरी मध्ये असते. आम्ही शाखेत अर्ज दिला: विकणारेच ठरावीक मुदतीसाठी लायसन्सवर राहणार आहेत, कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. बँकेच्या वकिलांनी दोन प्रश्न विचारले. किंमत पूर्ण दिली जाणार का, आणि राहणाऱ्याचा मिळकतीवर हक्क नाही असं लिहिलंय का. दोन्हींची उत्तरं मसुद्यात होती. कर्जाची रक्कम वाटप होण्याआधी परवानगीचं पत्र आलं. हे नंतर करायला गेलो असतो तर ते पत्र मागायला आमच्या तोंडाला जोर राहिला नसता.

नोंदणीचा दिवस गर्दीत गेला. टोकन, ओळखदार, फोटो, अंगठे. घर एकट्या माझ्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत महाराष्ट्रात 2021 पासून आहे. कर्जात यजमान सहकर्जदार. किंमत 50 लाखांच्या आत असल्याने 1 टक्का टीडीएस कापायचा प्रश्न आला नाही. बँकेचा डिमांड ड्राफ्ट आप्पांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो आधी जिजींच्या हातात ठेवला.

क्रम महत्त्वाचा होता. आधी खरेदीखत, मगच लायसन्सचा करार, कारण परवानगी देण्याचा अधिकार मालकालाच असतो. करार ऑनलाइन नोंदवता येतो, त्यासाठी कार्यालयात जावं लागत नाही. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. जिजींचा अंगठा काही केल्या जुळेना. आयुष्यभर भाकऱ्या थापलेले, भांडी घासलेले हात. बोटांवरच्या रेघाच पुसट झालेल्या. एजंटने हात ओल्या फडक्याने पुसायला लावला, मग दुसरी बोटं लावून पाहिली, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं गेलं. घरात म्हातारी माणसं असतील तर याला वेळ ठेवा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी हे करायला बसू नका.

त्याच दिवशी घराचा व्हिडिओ काढला. प्रत्येक खोली, नळ, खिडक्यांच्या काचा, इन्व्हर्टर, टाकी, मोटर, विजेच्या मीटरचं रीडिंग. काय राहणार आणि काय जाणार याची यादी करून दोघांनी सह्या केल्या. कायद्याप्रमाणे घर विकलं की कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू घराबरोबर जातात. पण पंखे, कूलर, खिडकीतला एसी, देवघर यांच्याबद्दल प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. आमच्याकडे प्रश्न आला तो ओसरीतल्या झोपाळ्याचा. सागाची फळी, पितळी कड्या, छतात पक्के रोवलेले हूक. मला तो फार आवडला होता. जिजींनी यादीकडे पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. मी लिहिलं: झोपाळा विकणाऱ्यांचा, हूक घराचे.

मग उन्हाळा लागला. जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. जिजींनी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. आम्ही वरच्या खोलीत पुस्तकं लावायला जायचो ते संध्याकाळी, आणि आधी फोन करून. घर माझ्या नावावर होतं, खोली माझी होती, तरी खालून जाताना दार वाजवून, ‘‘जिजी, येऊ का?’’ विचारून जायचो. करारात हे नव्हतं. लिहिलेलं सगळं असल्यामुळे न लिहिलेलं पाळायला जड गेलं नाही, असं मला वाटतं.

मेच्या सुरुवातीला पाण्याची मोटर जळाली. वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही; आलं की टाकी भरून घ्यावी लागते, आणि नेमकी तेव्हाच मोटर बंद. आप्पांनी फोन केला, दुरुस्तीवाला सांगतोय वाइंडिंग करावं लागेल. आमच्या करारात होतं की नळाचा वॉशर, दिवे, किरकोळ कामं राहणाऱ्याने करायची. मोटर, टाकी, वायरिंग, गळती यांचा खर्च मालकाचा. आप्पांना स्वतः पैसे द्यायला संकोच नव्हता, इतकी वर्षं तेच देत आले होते. मी म्हटलं, नाही, आता ही आमची मोटर. यजमान जाऊन पैसे देऊन आले. मालकीण झाल्याची जाणीव मला खरेदीखताच्या दिवशी झाली नव्हती, ती या बिलावर सही करताना झाली.

आखाजीला जिजींनी आम्हाला जेवायला बोलावलं. दोन्ही लेकी, नातवंडं, नाशिकहून मुलगा-सून. पितरांची घागर भरली होती, तिच्यावर खरबूज. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या, कुरडया. झोपाळ्यावर लेकी बसल्या आणि गौराईची गाणी म्हणू लागल्या. जिजी चुलीजवळून उठून आल्या आणि त्यांच्यामागे उभ्या राहून झोका देऊ लागल्या. एक नातू मला म्हणाला, तुम्ही इथे राहायला येणार ना, मग आम्ही पुढच्या वर्षी कुठे येणार? मोठ्या लेकीने त्याला जवळ ओढलं आणि सांगितलं, नाशिकला. मला त्या घरात परकं वाटलं नाही, आणि आपण यांचं काही हिरावून घेतोय असंही वाटलं नाही. रक्कम पूर्ण पोचली होती, तारीख सगळ्यांना माहीत होती, आणि आजचा दिवस त्यांचा होता.

वकीलताईंनी मुदत सैल ठेवायला का सांगितलं होतं ते मेच्या शेवटी कळलं. नाशिकच्या बिल्डरने ताबा पुढे ढकलला. आप्पा स्वतः आमच्या भाड्याच्या घरी आले, डोक्याला उपरणं गुंडाळून भर उन्हात. म्हणाले, 31 सांगितलं होतं, जमत नाही. यजमानांनी करार काढून त्यांच्यासमोर ठेवला, 15 जूनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही अजून मुदतीतच आहात. नवा कागद नाही, विनंती नाही, मनधरणी नाही. पण मी पुढचंही विचारलं, कारण ते विचारणं गरजेचं होतं: 15 जूनपर्यंतही फ्लॅट मिळाला नाही तर? त्यावर त्यांचा मुलगा फोनवर बोलला, तसं झालं तर आईवडील माझ्या घरी येतील, सामान इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीत ठेवायची व्यवस्था केली आहे. हे त्याने व्हॉट्सअपवर लिहूनही पाठवलं. मायेपोटी ‘बघू पुढचं पुढे’ म्हणून सोडून देण्याची हीच जागा असते. सहकारी बाईंचं गाडं इथेच घसरलं होतं.

फ्लॅट वेळेत मिळाला. जूनच्या पहिल्या पावसानंतर टेम्पो आला.

सोडण्याच्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो. पुन्हा तोच व्हिडिओ, तीच यादी. एका काचेला तडा होता, तो पहिल्या व्हिडिओतही होता, त्यामुळे त्यावर बोलायचं कारण उरलं नाही. मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या फोनमध्ये घेतला. राहिलेल्या दिवसांचं शुल्क हिशोब करून अनामतीतून वजा केलं आणि उरलेली रक्कम तिथेच, टेम्पो हलायच्या आधी, आप्पांच्या खात्यावर पाठवली. मेसेज आल्याचं त्यांनी दाखवलं. मगच कब्जा पावतीवर सह्या झाल्या आणि किल्ल्या घेतल्या. अनामत ‘आठ दिवसांत देतो’ म्हणून ठेवून घेणारे घरमालक मी भाडेकरू म्हणून पुष्कळ पाहिले आहेत. ज्याने शब्द पाळून घर रिकामं केलं त्याला त्याच्याच पैशासाठी फोन करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही तसं करणार नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

विजेचं कनेक्शन आम्ही मुद्दाम आप्पांच्याच नावावर राहू दिलं होतं, म्हणजे वापर त्यांचा आणि बिलही त्यांचंच. ते गेल्यावर इंडेक्स टू जोडून महावितरणकडे नाव बदलण्याचा अर्ज केला. त्याआधी थकबाकी शून्य आहे याची खात्री करून घेतली; जुन्या ग्राहकाची थकबाकी नियमांनुसार नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. घरपट्टीचा हिशोब सोपा होता, 31 मार्चपर्यंतची आप्पांनी भरलेली, 1 एप्रिलपासूनची आमची. महापालिकेत नाव लावण्याचा अर्ज खरेदीनंतर लगेच दिला होता, त्याला त्यांच्या राहण्याने काही अडलं नाही. बँकेला दोन ओळींचं पत्र दिलं: लायसन्सची मुदत संपली, घर आमच्या वापरात आहे.

जुलैत विजेचं एक बिल अजून आप्पांच्याच नावाने आलं. त्यात जूनचे त्यांचे दिवसही होते आणि आमचेही. मी मीटरचा तो फोटो काढला, त्यांच्या दिवसांची युनिटं वेगळी केली आणि हिशोब त्यांना पाठवला. त्यांनी तो तपासून स्थिर आकाराची विभागणी मी त्यांच्या बाजूने जरा कमी धरलीय असं कळवलं, आपला वाटा वाढवून घेतला आणि पैसे संध्याकाळी पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्याचं बिल माझ्या नावाने आलं.